निळ्या कुंडीला पाणी नको

सोमवार, ५ जानेवारी

मावशी,

नमस्कार तुझ्या झाडांना सांगितलाय. त्यांच्याकडून काही उरला तर घे.

ही पत्रं मी टपालात टाकणार नाही. तुझ्या टेबलाच्या खणात शाळेच्या प्रयोगशाळेची कोरी जर्नलं सापडली, एक पान आखलेलं, एक कोरं. त्यातलंच हे एक. लेकीचं बाळंतपण आटोपून तू एप्रिलमध्ये परत येशील, चपला काढशील, आधी झाडांकडे बघशील, आणि मग ही वही उघडशील. एकदम सगळी वाच. मला तू एका ओळीत उरकलंस, मी तुला अख्खं जर्नल देणार आहे.

ती ओळ विसरली असशील तर आठवण करून देतो. गेल्या एप्रिलमध्ये मी प्रदर्शनाच्या मांडवात शिडीच्या टोकावर होतो, एका हातात ड्रिल, तोंडात चार स्क्रू, आणि खिशात फोन वाजला. "शाई गेली. दार उघडं राहिलं." बस्स. माझी मांजर, जिला मी शाईच्या ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं, जिला तुझ्या भरवशावर सोडून मी मांडव उभारणाऱ्या टोळीबरोबर गेलो, ती गेली. आणि दार काय आपोआप उघडतं? ज्या बाईनं तीस वर्षं शाळेत ॲसिडच्या बाटल्यांची बुचं दोनदा तपासली, तिच्या हातून दार उघडं राहतं?

"मांजर की झाडं, एक काहीतरी," हे तू मी चौदा वर्षांचा असल्यापासून म्हणत आलीस. तू निवड केलीस. आता माझी पाळी.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझ्या बाबतीत ते तंतोतंत झालं, तक्रार करायची कुणाकडे?

इथे यायचं डोकं ताईचं. "भिंगऱ्या, तुझ्या टोळीचं काम तीन महिने बंद, तुला छप्पर हवंय. आईला पाणी घालायला माणूस हवाय. बोलू नका एकमेकांशी, पण उपयोगी तर पडा." तुझ्या लेकीला स्वतःच्या आईची अक्कल आली नाही. चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली दिली तिनं.


बुधवार, १४ जानेवारी

घर बदललंय तुझं. मी होतो तेव्हा झाडं माणसांसारखी खाली असायची, सोफ्याला टेकून, दारात आडवी. आता छताला चार आकडे ठोकलेत, आणि तुझी लाडकी मंडळी तिथून लोंबतायत. मॉन्स्टेरा कपाटाच्या डोक्यावर चढवलाय, त्याला पाणी घालायला मला स्टुलावर चढावं लागतं. खाली ठेवलीस ती फक्त साधीसुधी: स्पायडर प्लांट, नेचे, खिडकीतला पाम. मातीवर गोटे पसरलेत. गोटे! मला वाटलं होतं म्हातारपणी माणसं गुडघे सांभाळतात, तू छताला आकडे मारतेस.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तुझा कागद चिकटवलेला सापडला. दोन रांगा. "वर" आणि "खाली". वरच्यात मनीप्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, कोरफड, स्नेक प्लांट. म्हणजे तुझे राजे आणि तुझी प्रजा. बरं झालं, मला यादी करायचे कष्ट वाचले. राजांपासून सुरुवात करतो.

तळाला लिहिलंय, "निळी – पाणी नको", आणि एक फोन नंबर, नाव नाही. नळवाल्याचा असेल.

मग कागद उलटा केला. मागे फक्त आकडे, एकाखाली एक, तुझ्या त्या सरळ रेषेत:

६०
२२
४
०

आणि बाजूला "मिली". निळी म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यातली ती चकचकीत निळी कुंडी ना, जी भिंतीकडे तोंड करून उभी आहे? मी बघितली. नुसती माती, वाळून तडे गेलेले. म्हणजे तू तिला साठ मिलीवरून मोजून मोजून शून्यावर आणलंस. उपटून टाकत नाहीस, फेकत नाहीस, तहानेनं मारतेस आणि नोंद ठेवतेस. कुणाला घरातून घालवायची ही तुझी जुनी पद्धत दिसते.

तर मावशी, आजपासून मी उलटं मोजतोय. तुझाच मापाचा नळा घेतला, काचेचा, शंभरचा. आज चार मिली. उद्या बावीस. परवापासून रोज साठ. त्या मातीत काहीही नसलं तरी चालेल. तू नको म्हणालीस एवढं पुरेसं आहे.

आणि हो, समोरच्या दारातल्या शिवणवालीला मनीप्लांट दिला. तीच, जिनं न विचारता तुझी फांदी तोडली म्हणून तू दोन वर्षं तिच्याकडे ब्लाउज टाकले नाहीस.

"मावशींनी दिला? मला?" तिच्या तोंडातली टाचणी पडायची राहिली.

"मावशींचं मन मोठं झालंय," मी म्हटलं.

"मोठं झालंय की डोक्यावर परिणाम झालाय? दे, दे, बदलायच्या आत दे."

मनीप्लांट गेला. दार उघडं राहिलं.


शुक्रवार, २३ जानेवारी

पहिल्या मजल्यावरच्या रसायनवाल्या बाईंना डिफेनबेकिया दिला. शाळेत त्या तुला सगळ्या वर्गासमोर "बाटल्या धुणारी" म्हणाल्या होत्या, त्याच. त्यांनी चष्म्यातून आधी झाडाकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठल्यातरी परीक्षानळीत तळाला बसलोय. "याचा रस तोंडाला लागला तर जीभ सुजते, ठाऊक आहे का? तुझ्या मावशीला ठाऊक असेल. तरी धन्यवाद." कोरफड खाली फाटकावरच्या शिपायाला. तो आता रोज सकाळी तिचा तुकडा गालाला चोळतो आणि मला डोळा मारतो.

डिफेनबेकिया गेला. कोरफड गेली. दार उघडं राहिलं.

आता मुख्य बातमी. सुताराच्या दुकानामागे (तिथे मी का गेलो होतो ते विचारू नकोस, बिजागरी घ्यायला निघालो आणि करवतीचं पातं कसं लावतात ते बघत तासभर उभा राहिलो) भुशाच्या ढिगात एक पिल्लू होतं. पांढरं. नखापासून शेपटीपर्यंत पांढरं, वर भुसा. उचललं. नाव खडू. शाई संपली म्हणून कुणी लिहायचं थांबत नाही.

ताईचा फोन आला. तू मागून बोलत होतीस, मला ऐकू येत होतं.

"आई विचारतेय, मांजर वगैरे आणलं नाहीस ना?"

खडू माझ्या खांद्यावर बसून कान चावत होता. "नाही," मी म्हटलं.

"आणि निळ्या कुंडीला पाणी घालत नाहीस ना?"

"कुठली निळी?"

मग ताई म्हणाली, "आई म्हणतेय बरं." तू फोन हातात घेतला नाहीस. मीही मागितला नाही.

दोन खोटी एका दमात. तुझ्या एकाला माझी दोन. अजून जमा करतोय.


सोमवार, ९ फेब्रुवारी

उगवलं!

मावशी, तुझ्या मेलेल्या मातीतून बोटाएवढं हिरवं नाक वर आलंय. मी ओरडलो तशी शिवणवाली मशीन सोडून धावत आली. तिला वाटलं मला शॉक बसला. खडूनं त्या नाकाला पंजा लावून पाहिला आणि शिंकला.

मला यातलं काय कळतं म्हणा. मी शाळेत वनस्पतीच्या तासाला खिडकीतून रस्त्याचं खोदकाम बघत असायचो. पण गावोगाव फिरताना तुला म्हणून कायम काहीतरी आणत आलो, ओल्या मोज्यात गुंडाळून. लोक मिठाई आणतात, मी फांद्या. आठवतं, तो फुलांच्या शीतगृहाबाहेर ट्रकमधून घरंगळलेला कांदा? मी म्हटलं, लाव. तू वास घेऊन म्हणालीस, "कसला आहे?" मी म्हटलं, "नाहीच उगवला तर भाजीत घाल." तू हसली होतीस. गेल्या आठ-दहा वर्षांत एवढंच. मग मी गेलो, आणि तो कांदा तू कचऱ्यात टाकला असशील. मी आणलेलं काय टिकलं तुझ्याकडे? शाईसुद्धा नाही.

पण हे बघ. हे मी जगवलं. तू शून्यावर आणलंस, मी साठवर नेलं. तू दारातून आत येशील, आणि बाल्कनीत पहिलं हेच दिसेल. मला तुझं तोंड बघायचंय त्या वेळी. त्यासाठी राहिलोय मी इथे, नाहीतर मला एका घरात दोन महिने कुणी बघितलंय?

मॉन्स्टेरा दाताच्या दवाखान्यात दिला. तिथे त्याच्याकडे कुणीच बघत नाही, सगळे तोंड धरून बसलेले असतात. मॉन्स्टेरा गेला. दार उघडं राहिलं.


गुरुवार, १२ मार्च

छताचे चारही आकडे रिकामे. स्नेक प्लांटही गेला, "वर" ची रांग संपली. खाली तुझी प्रजा आहे, तिला मी हात लावला नाही, माझं तिच्याशी वैर नाही. खडू दिवसभर स्पायडर प्लांटची पानं ओढतो, चावतो, त्याला काही होत नाही. झाडालाही होत नाही.

निळी माझ्या कमरेला लागलीय. सरळसोट दांडा, आजूबाजूला पानं, शेंड्याला पाच कळ्या, मिटलेल्या, हिरवट, माझ्या बोटाएवढ्या. बाल्कनीत ऊन जास्त म्हणून मी ती आत आणली, सोफ्याशेजारी. खडू तिच्या बुंध्याशी मुटकुळं करून झोपतो. दोघंही माझी. या घरात पहिल्यांदाच काहीतरी माझं आहे.

टोळीच्या मुकादमाचा फोन होता. तीन एप्रिलला ट्रक निघतोय, येणार का. म्हटलं, येतो. दोनला मावशी येते, तिचं तोंड बघतो, आणि तीनला ट्रकच्या मागच्या फळीवर. शाई जशी गेली तसा मी जाणार. आणि तू दारात उभी राहून बघशील की दार उघडं राहिल्यावर काय काय जातं.


मंगळवार, २४ मार्च

सकाळी नऊ. फुललं! रात्रीतून पहिलं फूल उघडलं, पांढरं, ताटाएवढं, आत गंजाच्या रंगाचे सहा तुरे. वास असा की घर नाही, अत्तराचं दुकान वाटतं. खडूनं नाक घातलं आणि बाहेर काढलं तर नाकावर, मिशांवर, छातीवर सगळं नारिंगी. पांढऱ्या मांजराला कुणी गंजलेल्या नळानं रंगवावं तसं. मी हसून हसून बसलो. तो चाटायला लागला. ताईला फोटो पाठवणार होतो, थांबलो. नाही, तू समोरच बघ.

दुपारी बारा. खडू दोनदा ओकला. ओकारीत फुलाची पाकळी आणि पानाचा तुकडा. आता पलंगाखाली गेलाय, हाक मारली तर फक्त कान हलवतो. ओळखीचा डॉक्टर नाही, तुझ्या कागदावरचा तो नळवाल्याचा नंबर लावला, म्हटलं या भागातला माणूस आहे, प्राण्यांचा दवाखाना कुठेय ते तरी सांगेल.

पलीकडून बाईचा आवाज आला. "प्राण्यांचा दवाखाना. बोला."


बुधवार, २५ मार्च

दवाखान्याच्या बाकावरून लिहितोय. वही बरोबर आणली, का ते माहीत नाही. हाताला सवय झालीय.

खडू आत पिंजऱ्यात आहे, पायाला सलाईन, पायावरचे केस भादरलेले. आज पहिली रक्ततपासणी, मग उद्या, मग परवा. तीन दिवस जाईपर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात.

काल मी फूल पिशवीत घालून आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर ठेवलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वेळ झाला?"

"तीन तास. फार तर."

"अंगावर काही होतं?"

"सगळा नारिंगी झाला होता. मला वाटलं, गंमत."

"नशीब पांढरा आहे. दिसलं तरी." मग त्यांनी सुई लावली, त्याला ओल्या कापडानं पुसून काढलं, आणि हात धुताना सांगितलं, सांगितलं म्हणजे शाळेत शिकवतात तसं. ही लिली. नावात लिली असलेली बरीच झाडं असतात, सगळी अशी नसतात, ही मात्र मांजराचं मूत्रपिंड बंद पाडते. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. खावं लागत नाही, अंगावर पडलेलं चाटलं तरी होतं. कुत्र्यांना एवढी बाधत नाही. मांजरांना बाधते.

मग पत्ता लिहायला लागल्या आणि पेन थांबलं.

"तुम्ही त्यांचे कोण? मापाचा नळा घेऊन आल्या होत्या, त्या बाईंचे?"

मी म्हटलं, भाचा.

"गेल्या वर्षी हेच फूल आणलं होतं त्यांनी. अशाच पिशवीत. काळी मांजर होती, अंगावर काय पडलंय दिसलंच नाही कुणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणली, तोवर उशीर झाला होता. चार दिवस बसल्या होत्या इथेच, याच बाकावर. लघवीच्या पिशवीवरचे आकडे पटत नाहीत म्हणाल्या, नळ्यात ओतून स्वतः मोजायच्या. रोज लिहायच्या."

साठ. बावीस. चार. शून्य.

मावशी, मी ते आकडे घेऊन कुंडीला पाणी घातलं. त्याच नळ्यानं.

मी विचारलं, झाड कुठून आलं ते सांगितलं का. त्या म्हणाल्या, "विचारलं होतं मी. म्हणाल्या, आमच्या घरच्या पोरानं हौसेनं कांदा आणला होता, त्याला पहिल्यांदाच फूल आलं. ते कुठे लिहू नका. आणि मग विचारायला लागल्या, कुठलं झाड वर टांगायचं, कुठलं खाली चालेल. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, तो परत येईल तेव्हा हात हलवत येणार नाही, कुठून तरी एक उचलून आणेल."

बाकावर शेजारी एक आजोबा होते, मांडीवर कासव. ते म्हणाले, "काय रे, पंखा लागतोय का? डोळ्यांतून पाणी येतंय तुझ्या." मी म्हटलं, हो, पंखाच.


गुरुवार, २ एप्रिल

खडू वाचला.

तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या. काल घरी आणला. एक पाय भादरलेला, त्यामुळे चालताना एका पायात मोजा नसल्यासारखा दिसतो. स्पायडर प्लांटची दोन पानं चावून झोपला.

निळी उपटली. पाचही फुलं, दांडा, माती, सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकलं. सोफा, फरशी, माझे कपडे, पडदे धुतले. मातीत एका कांद्याचे तीन झाले होते. तू एवढी हिशेबी बाई, तो कांदा तेव्हाच का नाही फेकलास? मी विचारणार आहे हे. उत्तर मला माहीत आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी आणलेलं तुझ्यानं टाकवत नाही. म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलंस, आणि आपलं आपण मरेल म्हणून पाणी तोडलंस. आणि मी कोण, तर पाणी नको म्हटलं की घालणारा.

काल शिवणवालीकडे गेलो, मनीप्लांट परत मागायला.

"दिलेलं झाड परत मागतोस? लाज नाही?"

"मावशी उद्या येतेय हो."

"येऊ दे. आणि तुझ्या घरात मांजर आहे ना? मग मनीप्लांट हवा कशाला? तोंड आलं त्याला म्हणजे पुन्हा पळशील दवाखान्यात. जा, तिला सांग, ब्लाउज टाक म्हणावं, फुकट शिवून देते."

तर छत रिकामं आहे. आकडे आहेत. रसायनवाल्या बाईंनी डिफेनबेकियाला मोठी कुंडी आणलीय, तिथूनही काही मिळणार नाही. यातलं काही मी परत आणू शकत नाही, आणि खरं सांगू, दिलं तेव्हा फार मजा आली होती. ते खोटं कशाला बोलू?

ही वही फाडायची होती. दोनदा पानं धरली. पण तू मला एकच ओळ दिलीस ती खोटी होती, म्हणून मी तुला सगळी देतोय. तुला वाटलं असेल, या पोरानं स्वतःच्या मांजरीला मारलं हे त्याला कळण्यापेक्षा त्यानं माझा राग केलेला बरा. वर्षभर केला मी. मन लावून केला. शिडीवर उभा राहून केला, जेवताना केला, झोपेत केला. मावशी, मी तुला माफ केलेलं नाही. शाईबद्दल तू माफी मागायची गरजच नव्हती. त्या ओळीबद्दल नाही केलं. शाईला बघायला मी आलो असतो. एका दिवसाच्या अंतरावर होतो. तिच्या शेवटच्या चार दिवसांत तो नळा तू एकटीनं धरलास, हे तू माझ्याकडून हिरावून घेतलंस. याचा राग मी आता नव्यानं सुरू करतोय, आणि तो मला तुझ्या समोर बसून करायचाय. फोनवर ताईला मध्ये घालून नाही.

मुकादमाला कळवलंय की ट्रकमध्ये माझी जागा दुसऱ्याला द्या.

तुझा कागद पुन्हा कपाटाला चिकटवलाय. "वर" खालची नावं खोडली आहेत. "निळी – पाणी नको" तसंच ठेवलंय. नंबरापुढे नाव लिहिलंय. मागच्या बाजूला तुझ्या शून्याखाली मी खडूचे तीन दिवसांचे आकडे लिहिले. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी मला पिशवी ओतू दिली. ५५. ७०. ८२. तुझाच नळा, नीट धुतलाय.

दुपारी चारला पोचशील असं ताई म्हणाली. किल्ली काढू नकोस. या वेळी दार मी लावून ठेवलंय. बेल वाजव आणि जरा थांब. उघडायच्या आधी मला खडूला उचलून घ्यायला वेळ लागेल.

– भिंगऱ्या